नौकेचे कूळ, नदीचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. कोलाडजवळून वाहणाऱ्या कुंडलिकेचे मूळ शोधायला गेले तर या म्हणीत किती शहाणपण आहे ते कळते. नकाशात नदी भिऱ्याच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या कड्याखाली उगम पावते आणि रोह्यावरून रेवदंड्याला समुद्राला मिळते. पण पावसाळा सरल्यावर, कोकणातल्या इतर नद्यांच्या पात्रात गोटे उघडे पडलेले असताना, कोलाडच्या पाण्यावर ज्या रबरी राफ्ट उड्या मारत जातात, ते पाणी बहुतांशी या उगमाचे नसते. घाटापलीकडे मुळा आणि निळा या नद्यांचे पाणी मुळशीला अडवून ते सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रावर सोडले जाते. १९२७ पासून वीज करून झालेले हे पाणी कुंडलिकेत येते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे धरण. एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी असे अरबी समुद्राच्या वाटेला लागले. म्हणजे कोलाडच्या नदीला दोन मुळे आहेत, एक डोंगराने दिलेले आणि एक माणसाने वळवून आणलेले. यांतले खरे कोणते, या वादात अर्थ नाही. दोन्ही धरल्याशिवाय नदीचा हिशेब लागत नाही.

नौकांच्या इतिहासातही हीच गफलत होते. खुल्या समुद्रात शर्यती खेळणाऱ्या वेगवान इंजिन-नौका, आणि त्यांतही १९६० च्या दशकातल्या लाकडी नौका, आज दुर्मीळ मानल्या जातात. त्यांचे जतन करणारे लोक युरोप-अमेरिकेत आहेत. एखादे जुने धूड कुठल्या कारखान्यात बांधले, त्यावर शर्यतीचा कोणता क्रमांक रंगवलेला होता, त्यात पहिल्यांदा कोणते इंजिन होते, याचा ते कसून शोध घेतात. पण एका नौकेचे नव्हे, तर या जातीच्याच नौकांचे मूळ विचारले की उत्तर ठरलेले येते: मायामी किंवा काउझ, अमेरिका किंवा इंग्लंड. माझे म्हणणे असे की या प्रवाहाला आणखी एक उपनदी येऊन मिळते आणि ती मुंबई ते चौल या आपल्या किनाऱ्यावरून जाते. ही उपनदी मुख्य प्रवाह नव्हे, एवढे आधीच सांगून टाकतो. जगातले सगळे शोध आपल्याच पूर्वजांनी लावले होते, असे मानणाऱ्यांना या लेखात फारसे काही मिळणार नाही.

आधी रूढ हकीकत पाहू, कारण तीही खरी आहे. वृत्तपत्रमालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी दिलेल्या चषकासाठी १९०३ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क बंदरात इंजिन-नौकांची पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. त्यानंतरची पन्नास वर्षे वेगाचे विक्रम प्रामुख्याने तळ्यांत, नद्यांत आणि आडोशाच्या खाड्यांत होत राहिले. याचे कारण यांत्रिक आहे. साधी नौका पाणी बाजूला सारत पुढे जाते. तिचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो आणि त्या मर्यादेनंतर कितीही जोर लावला तरी ती स्वतःच्याच लाटेचा चढ चढत बसते. ही मर्यादा ओलांडायची तर नौकेने पाण्यातून उठून त्याच्या पृष्ठावर घसरत जायला हवे, आणि त्यासाठी सपाट तळ सर्वांत सोयीचा. शांत पाण्यात तो सुसाट जातो. खुल्या समुद्रात मात्र प्रत्येक लाटेवर तो फळीसारखा आपटतो. आधी माणसांचे मणके बोलू लागतात, मग नौकेचे सांधे. १९५६ मध्ये मायामी ते नासाऊ ही सुमारे १८५ मैलांची समुद्री शर्यत सुरू झाली आणि सपाट तळाचे हे दुखणे सर्वांसमोर आले. रे हंट या अमेरिकन अभिकल्पकाने त्यावर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल राहणारा तळ काढला. त्या तळाची, डिक बर्ट्रम यांची ‘मॉपी’ ही नौका १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रातून पहिली आली. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये सर मॅक्स एटकेन यांनी काउझ-टॉर्की ही शर्यत सुरू केली. पुढच्या दशकात या दोन शर्यतींनीच आधुनिक समुद्री शर्यत-नौका घडवली. इथपर्यंत कोकणाचा संबंध कुठेही येत नाही.

तो येतो १९६३ च्या काउझ-टॉर्की शर्यतीपासून. त्या वर्षीची विजेती ‘ए’स्पेरान्झिएल्ला’ इटलीत, अन्झिओच्या नावालतेक्निका या कारखान्यात बांधली गेली होती. १९६७ ची विजेती ‘सरफ्युरी’ ही ३६ फुटी नौका गार्डनर बंधूंची होती, आणि तिच्यात दोन इंजिने एकामागे एक बसवून एकच पंखा फिरवला होता. त्याच सुमाराला इटलीचे उद्योगपती जान्नी आन्येल्ली यांच्यासाठी चार इंजिनांची ‘जी. चिनक्वांता’ तयार झाली. या तिन्ही नौका एकाच अभिकल्पकाच्या, रेनातो ऊर्फ सनी लेव्ही याच्या. आज जुन्या शर्यत-नौकांच्या चाहत्यांत ज्या मोजक्या नावांना सर्वाधिक मान आहे, त्यांत हे एक नाव येते. हा लेव्ही १९२६ मध्ये कराचीत जन्मला. म्हणजे मुंबई इलाख्यात, कारण सिंध त्यातून वेगळा झाला तो १९३६ मध्ये. इंग्लंडमध्ये विमानांच्या रचनेचे शिक्षण घेऊन तो मुंबईला परतला आणि ‘अ‍ॅफ्को’ या वडिलांच्या कारखान्यात रुजू झाला. १९५० चे दशक त्याने मुंबईत नौका आखण्यात आणि बांधण्यात घालवले. अन्झिओला तो गेला १९६० च्या सुमारास, तिशी ओलांडल्यावर, आपली पद्धत पुरती हाताशी आल्यानंतर. १९७१ मध्ये त्याने आपल्या कामावर पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘धाऊज टू डेल्टाज’. वाटचालीचे पहिले टोक त्याने स्वतःच अरबी समुद्रातल्या शिडाच्या गलबतांपाशी ठेवले आहे, ही गोष्ट इतिहासकाराने नजरेआड करण्यासारखी नाही.

लेव्हीची मुख्य कल्पना त्याच्या ‘डेल्टा’ नौकांत दिसते. वरून पाहिल्यास ही नौका त्रिकोणी: पुढे अरुंद, टोकदार नाळ आणि मागे रुंद बूड. अरुंद नाळ लाट कापते, रुंद बूड वेगात असताना नौकेला पाण्यावर उचलून धरते आणि डोलू देत नाही. त्याला खोल व्ही-तळाची जोड. हंट आणि लेव्ही यांच्या तळांत साम्य आहे, पण त्यांची पुढची आखणी निराळी. दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट बांधणीची. लाकडाच्या पातळ पट्ट्या साच्यावर तिरप्या-उलट तिरप्या थरांत चिकटवून अंग तयार करायचे; खिळा कमी, वजन कमी आणि मजबुती जास्त. युद्धकाळातल्या मॉस्किटो विमानाने लाकूड आणि गोंद यांच्या जोडीची ताकद दाखवून दिली होती. विमानविद्या शिकलेल्या माणसाला ते लगेच पटले यात नवल नाही. पण हे तंत्र कागदावरून पाण्यात उतरवायला रोज रंधा धरणारे हात लागतात, आणि लाकडाचे थर वाकवून नौकेचे अंग घडवायला सुताराची नजर लागते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले तेव्हापासून या शहरात ते हात होते. १८१७ मध्ये मुंबई गोदीतून पाण्यात सोडलेली सागवानी युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. शर्यतीच्या नोंदवहीत नौकेचे, मालकाचे, चालकाचे, अभिकल्पकाचे आणि इंजिनाचे नाव लिहितात; सुताराचे नाव लिहायला रकानाच नसतो. मूळ शोधताना मुंबई हरवते ती प्रामुख्याने या रकान्यात.

इथे पहिला आक्षेप येणार, आणि तो वाजवी आहे. लेव्ही इटालियन घराण्यातला, शिक्षण इंग्रजी, तंत्र विलायती विमानाचे, विजय मिळाले इटली-इंग्लंडमध्ये. मुंबईत तो राहिला एवढ्यावरून त्याची नौका ‘आपली’ कशी? तर ती आपली आहे असे मी म्हणतच नाही. कूळ आणि मूळ या वेगळ्या गोष्टी आहेत. कूळ रक्ताचे असते, मूळ जागेचे. लेव्हीचे कूळ कोणतेही असो, त्याची उमेदवारीची वर्षे ज्या पाण्यावर गेली ते मुंबईचे होते, आणि नौकेचा अभिकल्पक घडतो तो पहिल्या दहा-पंधरा नौका पाण्यात कशा वागतात ते पाहून. या किनाऱ्याचे पाणी शिकवणारेही आहे. सकाळी जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा, खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा ओघ वाऱ्याला सामोरा आला की आखूड, उभी, खडबडीत लाट. इटलीतल्या एखाद्या संथ तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला सपाट तळाचा मोह सोडायला कदाचित जास्त वेळ लागला असता. आणि कुळाचाच निकष लावायचा तर ‘ट्रिंकोमाली’ही मुंबईची ठरणार नाही, तिचे नकाशे विलायतेचे, मालक ब्रिटिश आरमार. तिला मुंबईची म्हणताना कोणी अडखळत नाही, मग लेव्हीच्या नौकांच्या बाबतीतच का अडखळावे?

पण एका माणसाच्या चरित्रावर किनाऱ्याचा दावा उभा करणे कमकुवत आहे. त्यासाठी मागे जावे लागते, आणि मागे जाताना कुंडलिकेच्या काठानेच गेलेले बरे. नदीच्या मुखाशी एका बाजूला चौल-रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लई. मार्च १५०८ मध्ये याच मुखात पोर्तुगीज आरमार आणि इजिप्तच्या मामलुकांचे आरमार यांची गाठ पडली. पोर्तुगिजांचा नायक होता व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा. मोठ्या जहाजांच्या तोफखान्यात पोर्तुगीज सरस होते. पारडे फिरले ते दीवचा सुभेदार मलिक अयाझ आपल्या हलक्या, वल्ह्यांच्या नौकांचा ताफा घेऊन आला तेव्हा. पोर्तुगीज बाहेर पडू लागले. लोरेन्सोचे जहाज मागे राहिले, त्यात पाणी शिरले आणि ते मच्छीमारांनी पात्रात रोवलेल्या खुंटांत जाऊन अडकले. पोर्तुगिजांच्या वल्ह्यांच्या नौकांनी ते ओढून काढायचा प्रयत्न केला, तो फसला आणि लोरेन्सो तिथेच मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगिजांनी सूड घेतला, त्यामुळे जगाच्या इतिहासात १५०९ लक्षात राहिले आणि १५०८ मागे पडले. नौकांच्या दृष्टीने मात्र चौलची लढाई जास्त बोलकी आहे. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीच्या ओघात आणि वारा पडलेला असताना, उंच आणि जड जहाजापेक्षा हलकी, उथळ, स्वतःच्या बळावर हलणारी नौका भारी पडते, हे तिने दाखवून दिले.

पुढची दोनशे वर्षे या किनाऱ्यावर हेच सूत्र चालले, आणि ते नकळत चालले असे नाही. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण, भिवंडी, पनवेल या खाड्यांत नौकाबांधणी सुरू केली तेव्हा सुरुवातीचे कारागीर पोर्तुगीज होते. रुई लैताँव व्हिएगस आणि त्याच्या मंडळींना वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने चुचकारून पळवले, तरी काम थांबले नाही. त्या अनुभवाचा निष्कर्ष रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात सापडतो. त्यातले आरमाराचे प्रकरण मराठी गद्यातल्या तांत्रिक लेखनाचा एक उत्तम नमुना आहे, आणि शाळेच्या पुस्तकात गडकोटांच्या प्रकरणाला मिळते तेवढी जागा त्याला का मिळत नाही ते कळत नाही. अमात्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गुराबा, म्हणजे तोफांच्या जड नौका, फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, गलबतेही तशीच, आणि वाऱ्याशिवाय ज्यांचा उपयोग नाही अशी थोरली जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही. सुभ्याची रचना पाच गुराबा आणि पंधरा गलबते अशी. एका जड नौकेमागे तीन चपळ नौका, हे प्रमाण एखाद्या तांडेलाच्या मर्जीवर सोडलेले नाही, राज्याच्या धोरणात लिहिलेले आहे. वाऱ्यावर अवलंबून न राहणे हा त्याचा गाभा, आणि इंजिनाचा शोध लागण्यापूर्वी अशी मागणी फक्त वल्ह्यांनी पुरी होत होती.

हे गलबत प्रत्यक्षात कसे होते, याचे सर्वांत तपशीलवार वर्णन शत्रुपक्षाकडून आले आहे. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या लढायांचा इतिहास लिहिणारा रॉबर्ट ऑर्म मराठी आरमाराचे नायक असलेल्या आंग्र्यांना चाचे म्हणण्यात कसर ठेवत नाही. म्हणून त्याने केलेल्या स्तुतीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्याच्या मते मोठ्यात मोठे गलबत क्वचितच ७० टनांपलीकडे जाई. दोन डोलकाठ्या, मागची लहान. पुढच्या डोलकाठीवर तिच्याहून बरेच उंच जाणारे प्रचंड त्रिकोणी शीड. वल्ही ४० ते ५०, आणि ती मारून ताशी चार मैलांचा वेग. काही गलबतांवर दोन ते चार पौंडी लहान तोफा. बाकीच्यांवर फिरत्या किरकोळ तोफाच. आणि यातला सर्वांत मोलाचा तपशील: वजन वाचवण्यासाठी बऱ्याच गलबतांचे डेक चिरलेल्या बांबूचे असे. हल्ल्याची रीतही त्याने सांगितली आहे. वारा असला तर गुराबा आणि गलबते शिडांनी धावत. वारा पडला की गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. गुराबा मागून येऊन सावजाच्या डोलकाठ्यांवर तोफा डागत आणि ते पांगळे झाले की गलबतांतून शेकडो माणसे चारही बाजूंनी चढत. बांबूच्या डेकवर जड तोफ ठेवता येत नाही, तुफानात ती नौका दूरवर नेता येत नाही, पावसाळ्यात तिला किनाऱ्याला ओढूनच ठेवावे लागते. हे सगळे तोटे ओळखून पत्करलेले होते. मजबुती, आराम आणि पल्ला यांतले जे जे सोडता येईल ते सोडायचे आणि बदल्यात थोडा वेळ का होईना, इतरांना न मिळणारा वेग घ्यायचा. शर्यत-नौकेचे सगळे शास्त्र या एका सौद्यावर उभे आहे. लेव्हीच्या नौकेतले थर दिलेले पातळ लाकूड आणि आंग्र्यांच्या गलबतावरचा चिरलेला बांबू एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत.

या सौद्याची कसोटी त्याआधीच, १६७९ मध्ये, खांदेरी बेटापाशी लागली होती. शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी बेटावर तटबंदी उभारत होता आणि मुंबईचे इंग्रज ते थांबवायला निघाले होते. १९ सप्टेंबरला बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला पहाटे मराठ्यांचा ताफा इंग्रजांवर इतक्या झपाट्याने चालून आला की त्यांना सावरायला जेमतेम अवधी मिळाला. ‘डव्ह’ ही त्यांची गुराब मराठ्यांच्या हाती पडली. मात्र ‘रिव्हेंज’ या मोठ्या लढाऊ जहाजाने एकट्याने तोफा चालवून हल्ला परतवला, काही गलबते बुडवली आणि बाकीच्यांचा नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत पाठलाग केला. त्या दिवसाचा निकाल कोणाच्या बाजूने, यावर भांडता येईल. नंतरच्या आठवड्यांविषयी भांडण्यासारखे काही नाही. इंग्रजी जहाजे पहारा देत राहिली आणि रात्रीच्या अंधारात लहान मराठी नौका माणसे आणि सामान बेटावर पोचवत राहिल्या. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला; खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत गलबत मोठ्या जहाजापुढे टिकत नव्हते, हे ‘रिव्हेंज’ने सिद्ध केले. ज्या कामासाठी ते बांधले होते ते काम मात्र त्याने पुरे केले. आणि याची सर्वांत चोख पावती कंपनीनेच दिली: तिच्या मुंबईच्या आरमारात पुढे तिच्या स्वतःच्या गुराबा आणि गलबते दिसू लागली.

आता दुसरा आक्षेप, जो पहिल्यापेक्षा जड आहे. गलबत आणि डेल्टा यांच्यात वंशाचा काही धागा आहे का? नाही. गलबत पाणी सारत जाणारी नौका. ताशी चार मैलांनी वल्हवणाऱ्या नौकेचा आणि पाण्यावर घसरत जाणाऱ्या नौकेचा गणिती संबंध नाही. त्यातही गलबत आणि गुराब शुद्ध देशी नव्हेत. गुराबेची पुढे आलेली नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी आहे, हे ऑर्मनेच नोंदवले आहे, आणि आपल्या पहिल्या नौकाबांधणीत पोर्तुगीज हात होते हे वर आलेच आहे. हे सगळे मान्य करूनही माझा मुद्दा उरतो, कारण तो वंशाचा नाहीच. वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या घराण्यांतली माणसे या किनाऱ्यावर आली, नौका बांधू लागली आणि समुद्राने त्यांना एकाच दिशेला ढकलले. मलिक अयाझ गुजरातचा, अमात्य महाराष्ट्रातले, लेव्ही इटालियन; तिघांनी एकमेकांची उत्तरे पाहून नक्कल केली असे नाही. किनारा तोच होता. मूळ म्हणजे फक्त पूर्वज अशी व्याख्या केली तर कोकणाचा हक्क शून्य. मूळ म्हणजे ज्या परिस्थितीने एखादी वस्तू घडवली ती, अशी व्याख्या केली तर हक्क उरतो, आणि तोही वाट्याचा. फ्लोरिडाच्या आणि इंग्लिश खाडीच्या समुद्राचा वाटा त्याहून मोठा आहे.

कोणी म्हणेल, गलबत युद्धाचे आणि डेल्टा खेळाची. या दोहोंना एका मापाने कसे मोजायचे? पण खेळ आणि कामकाज यांच्यातली भिंत वेगवान नौकेच्या बाबतीत कधीच पक्की नव्हती. काउझ-टॉर्कीमागे समुद्रात टिकणाऱ्या चांगल्या नौका घडाव्यात हा उघड हेतू होता. डॉन अ‍ॅरोनोव यांची ‘द सिगारेट’ १९६९ मध्ये ती शर्यत जिंकली, आणि पुढे त्याच जातीच्या नौका फ्लोरिडात चोरट्या मालाच्या वाहतुकीसाठी आणि ती पकडणाऱ्या सरकारी पथकांसाठीही वापरल्या गेल्या. रायगडच्या किनाऱ्याला हे सांगायला नको. १९९३ मध्ये शेखाडीला उतरलेल्या स्फोटकांनी मुंबईत काय केले ते सर्वांना ठाऊक आहे, आणि २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सागरी पोलिसांना वेगवान नौका द्याव्या लागल्या त्यामागेही समुद्रातून आलेलेच कारण होते. लेव्हीचीच आखणी असलेल्या ‘व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर टू’ने १९८६ मध्ये अटलांटिक महासागर विक्रमी वेळात ओलांडला, तो खेळ होता, जाहिरात होती की तंत्रज्ञानाची चाचणी, हे ठरवणे सोपे नाही. वेग कशासाठी हवा याची कारणे काळाप्रमाणे बदलत गेली. वेगासाठी काय सोडावे लागते ते फारसे बदलले नाही.

मग हा वाटा आपल्याच लक्षात का राहिला नाही? एक कारण वस्तूंच्या नाशाचे. तुळाजी आंग्र्याचे आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात जळाले, आणि ते जाळायला आलेल्या मोहिमेत पेशव्यांची फौजही होती. ही गोष्ट आपण पटकन पुढे सरकवतो. लाकडी नौकेला एरवीही म्हातारपण नसते. निकामी झाली की तिचे पितळ, लोखंड काढून घेतात आणि लाकूड चुलीत जाते. दुसरे कारण अभिमानाच्या दिशेचे. आपला इतिहासाभिमान गडावर चढतो, समुद्राकडे पाहिलेच तर जंजिऱ्याच्या तटापाशी थांबतो; नौकेची लांबी, तळ, लाकूड, वल्ह्यांची संख्या यांत त्याला रस नाही. याउलट मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर इंजिन-नौकांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली तेव्हा हा परदेशी खेळ पहिल्यांदाच या पाण्याला शिवतो आहे, अशा थाटात सगळे चालले होते. ज्या बंदरात एका मोठ्या शर्यत-नौका अभिकल्पकाने दहा वर्षे नौका बांधल्या, त्याच बंदराच्या शहरात. त्यावेळी कोणी लेव्हीचे नाव घेतले असते तर प्रेक्षकांना ती शर्यत थोडी वेगळी दिसली असती. कोलाडमध्ये राफ्टिंगला येणाऱ्या पर्यटकालाही हेच लागू आहे. जी नदी तो फेसाळत्या पाण्यासाठी ओळखतो तिच्या मुखाशी आशियातल्या नौकायुद्धाचे एक मोठे प्रकरण घडले, याची खूण वाटेत कुठेही नाही.

हे दुरुस्त करायला स्मारक नको, नोंदी हव्यात. परदेशातल्या एका जुन्या नौकेसाठी लोक कारखान्याचे मूळ आराखडे, अंगावर कोरलेले क्रमांक आणि पिवळी पडलेली छायाचित्रे जमवतात, तसे काम मुंबई, अलिबाग, रेवदंडा, मुरूड इथल्या नौकाबांधणीसाठी करता येण्यासारखे आहे. नाळ, पठाण, वाक या नौकेच्या भागांची मापे अजूनही काही सुतारांच्या हातात आहेत. फायबरच्या होड्या आल्यापासून ती वापरणारे दरवर्षी कमी होत आहेत. ज्यांच्या घरी १९५०-६० च्या दशकांत मुंबईच्या नौका-कारखान्यात काम केलेले कोणी असेल, त्यांनी हजेरीपत्रक, पगाराची चिठ्ठी, सहकाऱ्यांसोबतचे छायाचित्र, मापे लिहिलेली वही असे जे असेल ते रद्दीत घालू नये. जवळच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास मंडळाला त्याची प्रत द्यावी आणि पाठीमागे नाव, गाव, वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवावे.